‘क्लीन’ मॉइश्चरायझर : दावे आणि त्यांची पडताळणी

चेहऱ्याला लावण्याच्या मॉइश्चरायझरवर ‘क्लीन’, ‘टॉक्सिन-फ्री’, ‘केमिकल-फ्री’ असे शब्द आता सर्रास आढळतात. देशात लागू असलेल्या ‘कॉस्मेटिक्स नियम, २०२०’ मध्ये ‘क्लीन’ या शब्दाची व्याख्या नाही. मात्र ग्राहकाची दिशाभूल करणारा दावा करण्यास या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे वेष्टनावरील प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते.

मोजता येणारा दावा

बंगळुरू येथे म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये शासकीय साबण कारखाना सुरू केला. ‘म्हैसूर सँडल’ साबणाची ख्याती शुद्ध चंदनतेलाच्या दाव्यावर उभी आहे. हा दावा प्रयोगशाळेत तपासता येतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार भारतीय चंदनतेलात अल्फा-सँटॅलॉलचे प्रमाण ४१ ते ५५ टक्के असावे लागते. ‘क्लीन’ या शब्दासाठी अशी कोणतीही मोजपट्टी उपलब्ध नाही.

‘नाही’ची यादी

पाणी हेदेखील रसायनच असल्याने ‘केमिकल-फ्री’ हा शब्द निरर्थक आहे. ‘पॅराबेनविरहित’ हे विधान खरे असू शकते. परंतु युरोपीय संघाने मिथिल व इथिल पॅराबेनचा ०.४ टक्क्यांपर्यंत वापर ग्राह्य धरला आहे. पाणी असलेल्या क्रीममध्ये परिणामकारक परिरक्षक नसल्यास जिवाणू व बुरशी वाढण्याचा धोका अधिक गंभीर असतो. प्राण्यांवरील चाचण्यांना भारतात २०१४ पासूनच बंदी असल्याने तो दावा कायद्याच्या पालनापलीकडे फारसे काही सांगत नाही. नैसर्गिक सुगंधी तेलांतील लिमोनिन व लिनालूल हवेच्या संपर्कात आल्यावर ॲलर्जी निर्माण करू शकतात.

ओलावा टिकतो का?

मॉइश्चरायझरची खरी परीक्षा येथेच होते. त्वचेतून बाहेर पडणाऱ्या बाष्पाचे प्रमाण आणि त्वचेतील आर्द्रता उपकरणांनी मोजतात. क्रीम लावलेल्या भागाची न लावलेल्या भागाशी तुलना केली जाते. बंगळुरूत फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा कोरडी, तर पावसाळ्यात दमट असते. ऋतू बदलल्यामुळे झालेला फरक क्रीमच्या नावावर जमा होऊ नये, यासाठी चाचणी नियंत्रित तापमान व आर्द्रतेच्या खोलीत घेतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तर पेट्रोलियम जेली बाष्प रोखते. अनेक ‘क्लीन’ उत्पादनांतून वगळली जाणारी शुद्ध पेट्रोलियम जेली या कामी अत्यंत परिणामकारक आहे.

ग्राहकाने काय करावे?

एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वेष्टनावर उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जाहिरातीतील वनस्पतीचे नाव यादीच्या अखेरीस असेल, तर तिचे प्रमाण अल्प असण्याची शक्यता असते. नवे क्रीम प्रथम कोपराच्या आतील बाजूस आठवडाभर लावून पाहावे. खाज, लाली अथवा पुरळ उठल्यास वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यानुसार ‘क्लीन’, ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’ यांसारखे मोघम शब्द पुरेशा स्पष्टीकरणाविना वापरता येत नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ग्राहकांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.