बुरशीचा मका : १९७४ सालचा धडा

साठवलेल्या दाण्याला बुरशी दिसली की आपण म्हणतो, "झटकून उन्हात टाकू, भाकरीला चालेल." ही सवय जिवावर कशी बेतते, ते १९७४ साली दिसले.

त्या वर्षी राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला त्या वेळचा पंचमहाल, या शेजारशेजारच्या जिल्ह्यांत मका काढणीला आला असताना अवेळी पाऊस झाला. कणसे भिजली आणि पुरती न वाळताच घरात साठवली गेली. ओल आणि ऊब मिळताच बुरशी माजली. मुलूख दुष्काळी; मका टाकून द्यायचा तर खायचे काय? लोकांनी तोच मका आठवडेच्या आठवडे खाल्ला.

गावातली कुत्री आधी मेली. मग माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले. सुमारे ४०० माणसे आजारी पडली, त्यांतली १०६ दगावली. मका हेच ज्यांचे रोजचे अन्न, त्या आदिवासी कुटुंबांवर हा घाला पडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला, तेव्हा मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष निघाले.

हे विष उजेडात आले होते १९६० साली, इंग्लंडात. तिथे टर्की कोंबड्यांची एक लाखावर पिल्ले मेली. त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत ते होते. अस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळसर-हिरवी बुरशी ते तयार करते. बुरशी झटकली तरी विष दाण्यात राहते, भाकरी भाजूनही ते जात नाही. दुभत्या जनावराला असे खाद्य घातले तर ते दुधात उतरते.

तेव्हा इलाज आधीच करायचा :

१. काढणीत पाऊस लागला तर भिजलेली कणसे वेगळी ठेवा, ढीग घालू नका. पातळ पसरून वाळवा.

२. बुरशीची, किडकी, फुटकी कणसे मळणीआधीच निवडून काढा.

३. मक्याचा ओलावा १२ ते १३ टक्क्यांवर, भुईमुगाच्या शेंगांचा ८ टक्क्यांच्या आसपास आल्यावरच साठवण करा. दाताखाली मक्याचा दाणा कट्‌कन फुटला पाहिजे.

४. पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली लाकडी फळ्या घाला.

५. बुरशीचा माल जनावरांना, कोंबड्यांना घालू नका.

पावसाने उघडीप दिली की पहिले काम वाळवणीचे. घाईने भरलेली ओली कणगी घराला परवडत नाही.