दम आणि ३० सेकंद

आमच्या गोरेगावात (गोंदियाचं, मुंबईचं नव्हे!) धान निघालं की कबड्डीचे सामने. दम टिकेल तोवर चढाई. २०१४ मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आली, तिथे चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद! प्रेक्षकानं चॅनेल बदलायला नको ना...

२०१५ मध्ये स्टार इंडियानं लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्सचा ७४ टक्के हिस्साच घेतला. दाखवणारा तोच, भरवणाराही तोच. मग २०१७ मध्ये ८ चे १२ संघ, दोन गट, उपांत्य सामन्यांऐवजी क्वालिफायर-एलिमिनेटर. सीझन तीन महिन्यांचा, म्हणजे जाहिरातीही तितक्याच. अर्थात २०१८ मध्ये मोनू गोयतला १.५१ कोटी मिळाले, तेही त्यातूनच.

गावातले पंच आता मोबाइलवर तीस सेकंद लावतात. पोरं 'कबड्डी कबड्डी' म्हणतात, पण अर्धं लक्ष मोबाइलकडे.