थ्री-नॉट-थ्रीनंतर कोणती रायफल?

सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्याच्या कारवाईने निजामाची राजवट संपली आणि बीड मुक्त झाले, तेव्हा जवानांच्या हाती थ्री-नॉट-थ्री ली-एन्फिल्ड होती. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागे. १९६२च्या युद्धातही बहुतेक जवान तीच घेऊन लढले. समोर चिन्यांकडे अर्धस्वयंचलित व स्वयंचलित शस्त्रे होती.

नवी रायफल हवी, हे मात्र पन्नाशीच्या दशकातच ठरले होते. पसंती मिळाली बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या फाल रायफलीला. चाप ओढताच गोळी सुटे आणि तिच्याच वायूच्या दाबाने पुढची गोळी आपोआप भरली जाई. पण १९५७-५८पासून परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. तेव्हा पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेने निरनिराळ्या फाल रायफली सुट्या करून अभ्यासल्या व स्वतःचा आराखडा सिद्ध केला. इच्छापूरच्या कारखान्यात घडलेली ही '१ए१', म्हणजेच एसएलआर, १९६३मध्ये सैन्यात आली. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

परवाना घेतलाच नव्हता! एफएनने खटल्याची धमकी दिली. अखेर भारताने स्वामित्वशुल्क आणि काही बेल्जियन शस्त्रांची खरेदी मान्य केली. तरीही ही काटकसर फसली, असे मला वाटत नाही. रायफल घडवण्याचे ज्ञान देशातच राहिले.

एसएलआर पुरेशा होईपर्यंत जुन्याच बोल्ट-रचनेत ७.६२ मिमीची गोळी बसवून '२ए' रायफल काढली गेली. पोलिसांना मात्र बदलासाठी फार थांबावे लागले. २००८च्या मुंबई हल्ल्यातही काहींच्या हाती थ्री-नॉट-थ्रीच होती.