मलिद्याचे दुसरे कुळ

सातारा-सांगलीच्या मुलखात मलिदा म्हटला की मोहरमच्या पंजांपुढे ठेवलेला, पोळी चुरून तीत गूळ-तूप कालवलेला प्रसाद डोळ्यांपुढे येतो. आणि कडेगावच्या ताबुतांची परंपरा हिंदु-मुसलमानांनी मिळून जेथे जतन केली, तेथे त्याची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. परंतु सह्याद्रीच्या पलीकडे, अलिबागच्या किनारपट्टीत, बेने इस्रायल ज्यूंच्या घरी त्याच फारसी नावाचा निराळा मलिदा पिढ्यान् पिढ्या होत आला आहे.

नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी या समाजाची आख्यायिका आहे. धर्मग्रंथ हाती उरले नाहीत. तरी गावोगाव तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले, आणि दिवेकर, रोहेकर, पेणकर अशी गावांची नावे त्यांना चिकटली. पुढे दावीद रहाबी नावाच्या धर्मबांधवाने परीक्षेसाठी त्यांच्या स्त्रियांपुढे सरमिसळ मासळी ठेवली, तेव्हा त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढीच निवडून घेतली, असे सांगतात. ही कथा मला फार मोलाची वाटते. कारण कोशर, म्हणजे ज्यू धर्माला संमत, आहाराचा कायदा ज्या दप्तरात टिकला ते दप्तर चूल होते.

त्या कायद्यात मांसाबरोबर दूध-तूप वर्ज्य. म्हणून मटणाच्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचा रस आला. मलिद्याची घडणही तीच: पोहे धुऊन निथळायचे, त्यांत ओले खोबरे, साखर व वेलदोड्याची पूड मिसळायची आणि ताटाभोवती केळी, खजूर आदी फळे मांडायची. तूप नसल्यामुळे मांसाहारी भोजनाच्या पंक्तीतही तो निःशंक वाढता येतो. आपल्याकडील मलिद्याला ही मुभा नाही. नवस फेडताना किंवा विवाहाच्या आरंभी प्रेषित एलियाहू हन्नाबीचे स्मरण करून हे ताट ठेवतात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्या प्रेषिताच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा असून, तेथील उत्सवाला ही मंडळी उरूसच म्हणतात.

मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली सिनेगॉग बांधले. कोशर उपाहारगृहांची रांग मात्र त्या महानगरात कधी उभी राहिली नाही, आणि नेमधर्म पाळणाऱ्याला घराबाहेर शाकाहारी खानावळच सोयीची पडे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथेही मंगलकार्याच्या वेळी पोह्यांचा मलिदा होतो.