मागे उभा असलेला बाप

नाताळात नातीने पुठ्ठ्याचा गव्हाणीचा देखावा करून आणला. बाळ येशू, मरिया, मेंढपाळ, सगळे ओळखू आले. "आजोबा, हा मागे उभा आहे तो कोण?" तो योसेफ. सुतारकाम करणारा.

चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. मरिया त्याची वाग्दत्त वधू. लग्नाआधीच ती गरोदर असल्याचे कळले, तेव्हा तिची बेअब्रू होऊ नये म्हणून तिला गुपचूप सोडून द्यायचे त्याने ठरवले. मग स्वप्नात देवदूत आला : तिला घरी आण, आणि मुलाचे नाव तू ठेव. आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते. इथे बापाने नाव ठेवले म्हणजे मूल आपले मानले. गंमत पाहा, मत्तय अब्राहामापासूनची लांबलचक वंशावळ योसेफापर्यंत आणतो आणि लगेच सांगतो, मूल त्याचे नव्हे!

पुढे हेरोद राजाच्या भीतीने तो मायलेकरांना घेऊन रातोरात मिसर देशाकडे निघतो. आपल्याला कंस आणि नंदबाबा आठवतात. पण मूल दुसऱ्याचे हे नंदाला ठाऊक नव्हते. योसेफाला ठाऊक होते.

ख्रिस्तजन्माची ही कथा मराठी ओवीत आणली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात राशोलला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, स्वर्गाला शब्द 'वैकुंठ'! देवनागरीत ते शांताराम बंडेलू यांनी 1956 साली आणले.

हे स्टीफन्स 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरले आणि 10 नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. वडील लंडनचे व्यापारी, नाव तेच, थॉमस स्टीफन्स. पत्रात समुद्रप्रवासाची हकिकत आहे. 1589 साली हॅक्लुटच्या प्रवासवृत्तांच्या ग्रंथात ते छापले गेले. मुलगा मात्र मायदेशी परतला नाही, 1619 साली गोव्यातच वारला. स्वतः ब्रह्मचारी, पण लोक म्हणणार पाद्री, आणि त्या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ बाप!

असो. नातीला हे सांगताना मला आमच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आठवत होते. एका जून महिन्यात एक शेतमजूर मुलाला घेऊन आला. मूल बायकोच्या पहिल्या घरचे, हे गावाला माहीत होते. मी बापाचे नाव विचारले. त्याने स्वतःचे सांगितले. बाई खाली पाहत होती. नियमाने मी चौकशी करायला हवी होती. मी लिहून टाकले.

सातवीनंतर दाखला न्यायलाही तोच आला. वाचता येत नव्हते. कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, "गुरुजी, याच्यात माह्यं नाव कुठी हाये?" मी बोट ठेवून दाखवले. त्याने बराच वेळ तिथे पाहिले, मग कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला.