माळवदाची लाकडं

आमच्याकडं घर मोजायचं ते खणांवर. चौरस फूट हा शब्द सिमेंटच्या मागून आला. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे चहा घेता घेता वर बघायचे आणि मनातल्या मनात तुळया मोजायचे. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. बारा खणांचं माळवद म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. भिंत दगडमातीची, ती गावातल्या कुणालाही उभी करता यायची. ऐपत कळायची ती लाकडावरून.

कारण लाकूड आमचं नव्हतंच. औसा, निलंगा, उदगीर या काळ्या रानात बाभूळ आहे, लिंब आहे, बांधावर आंबा आहे. सागवान नाही. ते यायचं नांदेडच्या पलीकडून, किनवट-माहूरच्या जंगलातून. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, भाषावार प्रांतरचनेत ते नांदेडला जोडलं गेलं. आमच्या आज्याच्या वेळी सगळीच निजामाची हद्द. आजा सांगायचा, लाकडाला गेलेल्या गाड्यांचे पंधरा-वीस दिवस सहज मोडायचे. बैलांचा चारासुद्धा सोबत न्यायचा. एवढ्या कष्टानं आणलेलं लाकूड फेकून देईल कोण?

म्हणून आमच्या भागात जुन्या सामानाला नवं रूप देणं हा कुणाचा छंद नव्हता, ती वहिवाट होती. तुळई एका टोकाला कुजली तर तेवढं टोक कापून तिची चौकट व्हायची. चौकट झिजली की फळ्या, फळ्यांची पेटी, पेटी मोडली की देव्हारा नाहीतर चौरंग. उरलेल्या तुकड्यांचे पाट, खुंट्या, चुलीपुढचं बसकं. गाडीच्या मोडक्या आऱ्या भिंतीत ठोकल्या की त्यावर जू आणि कासरे टांगायचे. बाभळीचं लाकूड तिफण-कुळवाला, ते आधी पाण्यात मुरवायचं, मग वापरायचं. सागाला मुरवणं नको, त्याच्या अंगातच तेल, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. आणि शंभर वर्षं माळवदाखाली वाळलेला साग रंध्याखाली घेतला तर पुन्हा वाकत नाही, हे सुताराला पक्कं माहीत असायचं. नव्या लाकडापेक्षा त्याला जुनंच आवडायचं.

आमच्या घरी एक सागवानी संदूक आहे. तिच्या तळाच्या फळीत मधोमध एक चौकोनी खोबण आहे. पेटीला तिचा काही उपयोग नाही. ती फळी आधी दाराची होती, तिथं अडसर बसायचा. आजी त्याला पेटीचा मागला जन्म म्हणायची. रझाकारांच्या धामधुमीत, १९४८ साली, गावातली बरीच घरं हद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यात जाऊन राहिली. तेव्हा गाडीत बायका-पोरं, ज्वारीची पोती आणि ही संदूक गेली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, संदूक परत आली. बाहत्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमच्या गावात लोकांनी तेव्हा भांडी विकली, काहींनी दारं काढून विकली आणि दाराला तट्ट्या लावल्या. संदूक तेव्हाही राहिली. का राहिली ते मला कधी कळलं नाही, तिला गिऱ्हाईक मिळालं नसावं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडं येतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे चारला थोडा वेळ कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, आणि आजूबाजूची गावंच्या गावं खाली बसली. लातूर आणि उस्मानाबाद दोन्ही जिल्हे मिळून सरकारी मोजदादीत आठ हजारांच्या घरात माणसं गेली, लोक दहा हजार सांगतात. वरून पाऊस.

नंतर बरेच दिवस एक बोलणं चालायचं, की माळवदानं माणसं मारली. ते अर्धंच खरं. माळवदावर दर साल मृगाच्या आधी पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, गळू नये म्हणून. जुना थर कुणी काढत नसे. आज्याच्या काळातली वीतभर माती नातवाच्या काळात दोन-दोन फूट झाली. खाली दोन-तीन फूट रुंदीची भिंत, पण ती दिसायलाच रुंद. आत एक तोंड, बाहेर एक तोंड, मध्ये भर. दोन्ही तोंडं बांधून धरणारे लांब दगड फार कमी, चुना नाही, नुसती माती. भिंती फुटल्या आणि माणसं दगडमातीखाली गेली. कित्येक ठिकाणी लाकडाचा सांगाडा मात्र भिंती गेल्यावरही उभा होता. खांब उभा, वर तुळई, मध्ये काही नाही. ते बघितलेल्या माणसाला लाकडाचा राग धरता येत नाही. पुढं सरकारी इंजिनिअर मंडळींनी पडझड झालेल्या घरांसाठी हेच सांगितलं: माळवदावरची माती कमी करा, भिंतीत जोडदगड घाला, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार द्या. आमच्या वाड्याचं तसंच केलं. चार खण ठेवले, बाकीचे उतरवून वर पत्रे टाकले.

माझ्या बहिणीचं सासर मात्र पुनर्वसनात गेलं. तिची सासू त्या रात्री गेली. सासरे ढाळजेत झोपले होते, मोठ्या दाराजवळ. ते दार उघडून बाहेर आले आणि पाठीमागं घर बसलं.

तंबूत राहत असतानाच लाकडाचे व्यापारी यायला लागले. ट्रक घेऊन यायचे, ढिगाऱ्यातल्या तुळया, नक्षीचे खांब उक्ते मागायचे. लोकांनी दिले. ज्या लाकडाखालून माणूस काढला ते दारात ठेवायची कुणाची छाती होती? पैशाचीही गरज होती. मी त्यांना नावं ठेवत नाही. व्यापाऱ्यांना ठेवतो. अडलेल्याकडून घेताना भाव पाडला ते वेगळं, पण काहींनी तर उचलून नेण्याचे पैसे उलट मागितले.

बहिणीच्या घरचंही सगळं गेलं. सासऱ्यांनी एकच वस्तू दिली नाही, ते मोठं दार. पुढं नव्या गावात घर मिळालं. जमिनीच्या हिशोबानं अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं होती, यांना चारशेचं. सिमेंटचं, चौकटी बसवलेल्या. वाड्याचं दार तिथं कुठं लागणार? वर्षभर ते पत्र्याच्या शेडमागं उभं होतं. पोरं म्हणाली, "आण्णा, काय करायचं हे, इकून टाका." आण्णा काहीच बोलले नाहीत.

शेवटी त्यांनी आमच्या गावच्या सुताराला बोलावलं. सुतार आला, दाराची एक फळी वाकसानं थोडी खरवडून बघितली, आतून लाल निघाली. दोन झडपा जोडून त्यानं दिवाण केला. पाय बाभळीचे, कारण सागाचा तुकडा उरला नाही. कड्या काढल्या, पितळी फुल्या ठेवल्या, त्या रुतायच्या म्हणून गोधडी दुहेरी. बलुतं केव्हाच बंद झालेलं, तरी सुतारानं मजुरी घेतली नाही, एक पायली तूर नेली. आण्णा त्या दिवाणावर चौदा वर्षं झोपले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "झोप लागती." दुसरं काही नाही.

आण्णा गेल्यावर दोन्ही भाच्यांत दिवाणावरून थोडं वाजलं. धाकटा पुण्याला असतो, त्याला त्यावर काच टाकून जेवायचं टेबल करायचं होतं. तिकडं अशा दारांना आता मोठी किंमत येते, हॉटेलवालेही नेतात. मोठा म्हणाला, आजा झोपला तिथं ताटं मांडायची नाहीत. मला विचारलं तर टेबल झालं असतं तरी चाललं असतं. दाराचा दिवाण झाला तेव्हा कुणी अडलं नाही, मग दिवाणाचं टेबल व्हायला काय हरकत? भिंतीला टेकवून, दिवा लावून शोभेला ठेवलं असतं तर मात्र मला आवडलं नसतं. लाकडावर वजन पाहिजे.

झालं असं, की बहिणीनंच तो ठेवून घेतला. दिवसा त्यावर सोयाबीनच्या बियाण्याची पोती असतात, उंदरापासून वर राहतात म्हणून. रात्री पोती खाली उतरतात आणि ती झोपते. एक बाभळीचा पाय गेल्या साली हलायला लागला. सुताराचा पोरगा लातूरला प्लायवूडची कपाटं करतो, त्याला फोन केलाय. बापाचा वाकस घेऊन ये म्हणून सांगितलंय, स्क्रू मारायचा नाही.