हातमोजा आणि बंदूक

चेन्नईच्या एग्मोर भागात 1851 साली स्थापन झालेले शासकीय संग्रहालय आहे. त्याच्या शस्त्रदालनात तंजावरच्या भोसले राजांच्या शस्त्रागारातून आलेली हत्यारे मांडलेली आहेत. व्यंकोजीराजांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतले आणि 1855 साली दुसरे शिवाजीराजे निवर्तल्यावर ते संस्थान खालसा झाले. या पावणेदोन शतकांत जमलेल्या शस्त्रांपैकी पुष्कळशी पुढे मोडीत निघाली. काही निवडक तेवढी मद्रासच्या संग्रहालयात येऊन टिकली. मद्रासचे चेन्नई झाले ते 1996 साली. शस्त्रे मात्र आपल्या जागी तशीच आहेत.

दख्खनच्या या हत्यारांकडे पाहताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. शस्त्र घडविणाऱ्याने पात्याइतकीच काळजी हाताची घेतलेली आहे. तंजावरी कट्यारीच्या मुठीवर शिडाच्या आकाराचे पोलादी आवरण असते. त्याने मुठीमागची बोटे झाकली जातात. दांडपट्ट्यात तर हातमोजा आणि तलवार ही दोन उरतच नाहीत. कोपरापर्यंत पोहोचणारा लोखंडी खोळा हाच त्याचा मोजा आणि तीच त्याची मूठ. सरदाराच्या बाहूवर चढणारा दस्ताना याच जातीचा. त्याचा लोखंडी भाग मनगटाच्या वर असे आणि पुढे पंजाच्या पाठीवर कड्यांची जाळी किंवा रुईभरले कापड येई. तळवा मात्र बहुधा मोकळाच ठेवलेला असे.

तळवा मोकळा का, या प्रश्नातच हातमोज्याचा सारा इतिहास सामावलेला आहे. हात झाकला की तो वाचतो. पण झाकलेल्या हाताला कळते कमी. तलवारीच्या युद्धात ही तडजोड फारशी जड गेली नाही, कारण तिथे मूठ घट्ट धरणे हेच मुख्य. दारूगोळा आला आणि हिशेब बदलला.

तोड्याची बंदूक चालविणाऱ्या बरकंदाजाची कामे आठवून पाहावीत. नळीत दारू मोजून ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची. कान्याचे भोक सुईने मोकळे करायचे. त्यावर रंजक चिमटीने घालायची. जळती जामगी फुंकून तिचे टोक नीट बसवायचे आणि मग चाप ओढायचा. यातले जवळजवळ प्रत्येक काम बोटांच्या अग्रांचे आहे. जाड मोजा घातलेल्या हाताला चिमूटभर रंजकीचे प्रमाण कसे कळावे? ती अधिक पडली तर भडका चेहऱ्याशी, कमी पडली तर बार फुसका. म्हणून या माणसाचा हात उघडा राहिला. एका हातात जळती दोरी आणि कमरेला दारू, अशा स्थितीत त्याने लढाया लढल्या. भाजलेली बोटे ही त्याच्या धंद्याची खूण होय.

दारूचे हे भय राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. 1715 च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरचे दारूखाने वस्तीपासून दूर असावेत, दारू व बाण ठराविक दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावे, अशी बारीक व्यवस्था सांगितली आहे. कोठाराची एवढी चिंता वाहणाऱ्या त्या शतकांत बंदूक धरणाऱ्याच्या बोटांसाठी मात्र काही निराळी योजना दिसत नाही.

तोफेच्या विद्येसाठी मराठ्यांची नजर मद्रासकडेही वळली होती. 1677 साली कर्नाटकच्या स्वारीत असताना शिवाजी महाराजांनी फोर्ट सेंट जॉर्जच्या इंग्रजांना पत्रे पाठविली. आरंभी औषधी व विषबाधेवरील उतारे मागविले; पुढे सप्टेंबरात तोफांचे गाडे बनविणारे आणि सुरुंग लावणारे कारागीर मागितले. इंग्रजांनी औषधे नजर केली, कारागिरांची मागणी मात्र गोड शब्दांत टाळली. औषध देता येते. हातातले कसब कोणी सहजासहजी देत नाही, हे उभय पक्षांना समजत होते.

तेरा वर्षांनी याच कसबाने एक सरहद्द आखली गेली. जिंजीस असलेल्या राजाराम महाराजांकडून इंग्रजांनी 1690 साली कडलूरजवळील देवनामपट्टणचा किल्ला विकत घेतला. तोच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड या नावाने ओळखला गेला. तोफेचा गोळा जिथवर जाईल तिथवरची जमीन इंग्रजांची, असा करार होता. इंग्रजांनी लांब पल्ल्याची तोफ निवडून निरनिराळ्या दिशांना गोळे टाकले आणि त्या मर्यादेत आलेल्या खेड्यांना ‘गुंडू ग्रामम्’ म्हणजे गोळ्याची गावे हे नाव पडले. जमिनीची मोजणी त्या दिवशी साखळीने झाली नाही. ती गोलंदाजाच्या हाताने झाली.

या गोलंदाजाच्या हाताला मात्र पुढे थोडे संरक्षण लाभले, आणि तेही एका बोटापुरते. मद्रास तोफखान्याचे मुख्य ठाणे शहराच्या नैर्ऋत्येस सेंट टॉमस माउंट येथे होते. तेथील तोफांवरची कवायत युरोपातल्या कवायतीसारखीच होती. बार झाल्यावर नळीत दारूच्या पिशवीची जळकी चिंधी किंवा निखारा राहून जाण्याचा संभव असे. म्हणून एक शिपाई ओल्या बोळ्याने नळी पुसून काढी व नवा बार ठाशी. हे चालू असता दुसऱ्या शिपायाने तोफेच्या मागील बाजूचा काना अंगठ्याने दाबून धरायचा असे. वारा आत शिरला तर निखारा फुलेल, नवा बार वेळेपूर्वी उडेल आणि तोंडाशी उभा असलेल्या सोबत्याचे हात, कदाचित प्राणही, जातील. तोफ तापलेली असे, अंगठा होरपळे. पण उचलण्याची मुभा नसे. यासाठी त्या अंगठ्यावर कातड्याची जाड टोपी चढवीत.

त्या चामडी टोपीचा अर्थ नीट समजून घेण्याजोगा आहे. वरकरणी ती घालणाऱ्याचा अंगठा वाचविते. खरे पाहता ती वाचविते ठासणाऱ्याचे हात. एकाला चटका सोसवला तर दुसरा सुरक्षित, असे ते नाते होते. सरदाराचा नक्षीदार दस्ताना ज्याचा त्याला राखीत होता. ही टोपी एकाने दुसऱ्यासाठी घालायची वस्तू होती. तिच्यावर नक्षी नव्हती आणि दालनात मांडून ठेवावे असे तिच्यात काही नव्हते. झिजली की ती टाकून देत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरायच्या बंदुका आणि धातूची काडतुसे आली. कान्याचा भडका संपला, रंजकीची चिमूट संपली. पण बार झपाट्याने होऊ लागले तशी नळी असह्य तापू लागली. मार्टिनी-हेन्री बंदूक वापरणाऱ्या ब्रिटिश सैनिकांनी आफ्रिकेतील मोहिमांत यावर स्वतःच उपाय काढला. डाव्या हाताच्या पकडीच्या जागी त्यांनी बंदुकीभोवतीच जनावराचे कातडे शिवून टाकले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ली-एनफील्ड रायफलीचा आखूड नमुना आला, तेव्हा त्याच्या नळीवर टोकापर्यंत लाकडाचे वेष्टन बसविण्यात आले. भारतीय पलटणींनी दोन्ही महायुद्धांत हीच जातीची रायफल वाहिली. थोडक्यात, हातमोजा हातावरून उतरला आणि बंदुकीच्या अंगावर चढला. शिपायाचा पंजा उघडा राहिला, त्याचा स्पर्श शाबूत राहिला, आणि भाजण्याचे दुःख बरेच कमी झाले. या प्रश्नाचे हे समंजस उत्तर होते.

सर्वत्र मात्र ते पुरत नाही. सियाचीनवर 1984 पासून भारतीय जवान पहारा देत आहेत. तेथील थंडीत उघडी कातडी धातूला चिकटते आणि सोलून निघते. अशा ठिकाणी मोजा हा ऐच्छिक राहत नाही. मग तर्जनी वेगळी ठेवलेले मोजे वापरावे लागतात, म्हणजे ऊबही राहावी आणि चापही सापडावा.

नेमबाजीच्या खेळात हीच गोष्ट नियमांच्या भाषेत उतरली आहे. रायफल नेमबाज आधाराच्या हातात, म्हणजे उजव्या माणसाच्या डाव्या हातात, जाड मोजा घालतो. पट्ट्याचा ताण आणि नाडीचा ठोका रायफलीपर्यंत पोहोचू नये हा त्याचा हेतू. पण मोजा किती जाड असावा यालाही आंतरराष्ट्रीय नियमांनी मर्यादा घातली आहे: पुढची आणि मागची बाजू मिळून 12 मिलिमीटर. त्याहून अधिक जाडी ही कौशल्याची जागा घेऊ लागते, असा त्यामागील विचार. चाप ओढणारे बोट मात्र मोकळे हवे, कारण तिथे अगदी अल्प दाबाचा फरक कळावा लागतो. पिस्तुलाच्या नेमबाजाला मनगटाला आधार देणारे काही बांधण्याचीच मनाई आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिक येथे 50 मीटर प्रोन रायफलचे जगज्जेतेपद मिळविले आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. एक हात झाकलेला, दुसऱ्याची तर्जनी मुक्त, हीच या दोघांच्या प्रकारातली रीत.

तेव्हा बंदूक चालविताना मोजा घालावा की न घालावा, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. जो हात आधार देतो त्याला झाकावे, जे बोट निर्णय घेते त्याला मोकळे ठेवावे. आणि जिथे शस्त्रालाच वेष्टन घालून हात वाचविता येतो तिथे तेच करावे, हा शतकांच्या अनुभवाचा निष्कर्ष होय. मोजा घातला तरी काम संपल्यावर हात धुण्याचे विसरू नये, हेही आता कळले आहे, कारण काडतुसातील शिशाचे कण कातडीवर आणि कपड्यांवर बसतात आणि जेवणाबरोबर पोटात जातात.

एग्मोरच्या दालनात पोलादी मुठी आहेत, जाळीदार दस्ताने आहेत. ज्यांनी चिमटीने रंजक घातली आणि अंगठ्याने काना दाबून धरला त्यांच्या हातांची मात्र कोणतीही निशाणी तिथे नाही. दक्षिणेतील मराठ्यांचे राज्य ज्या हातांनी राखले त्यांत तेही हात होते, एवढे त्या शस्त्रांकडे पाहताना स्मरणात असावे.